भाषण आणि फिर्याद

मराठी समीक्षेने वक्तृत्वाला साहित्याच्या उंबरठ्याच्या आत फारसे येऊ दिलेले नाही. भाषण हे क्षणाचे, सभेचे आणि बोलणाराच्या आवाजाचे. कागदावर उतरले की ते विझते, अशी आपली समजूत आहे. ती पुष्कळ अंशी खरीही आहे. तथापि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वक्तृत्वाचा एक असा प्रकार जगभर रूढ झाला आहे की, त्याचा विचार साहित्याच्या अंगाने केल्यावाचून गत्यंतर नाही. मुलांनी आणि तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या सभेत उभे राहून, पृथ्वीच्या तापत चाललेल्या हवामानाबद्दल केलेली भाषणे हा तो प्रकार होय. या भाषणांना आता ठरीव रचना आहे, ठरीव श्रोता आहे आणि ठरीव परिणामही आहे. जेथे इतके सारे ठरून जाते तेथे एक वाङ्मयप्रकार जन्माला आला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

या भाषणांविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक कौतुकाचे: केवढीशी पोर, पण काय बोलली! दुसरे कुचेष्टेचे: पोरांना कोणीतरी पढवलेले आहे, त्यांनी मुकाट्याने शाळेत जावे. या दोन्ही पक्षांचे आपसांत भांडण असले, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोघेही बोलणाऱ्या मुलीकडे पाहत असतात आणि ती काय बोलली याकडे दोघांचेही लक्ष नसते. मला येथे त्या बोलण्याची बांधणी तपासावयाची आहे. ती तपासताना एक प्रश्न मला सतत छळीत आला आहे. ही भाषणे इतकी चांगली असूनही त्यांतून ऐकणारा माणूस इतक्या सहजपणे सुटतो कसा?

आरंभ रिओपासून करावा लागेल. १९९२ च्या जून महिन्यात ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली होती. हवामानबदलासंबंधीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार तेथेच सह्यांसाठी खुला झाला. त्या परिषदेत कॅनडातील व्हँकूव्हरहून आलेली सेव्हर्न कलिस-सुझुकी ही बारा वर्षांची मुलगी सुमारे सहा मिनिटे बोलली. तिने आणि तिच्या सोबतिणींनी प्रवासाचे पैसे स्वतः जमवले होते. तिच्या भाषणाची रचना मोठी कसलेली आहे. प्रथम ती स्वतःचे सांगते: वडिलांबरोबर आपण मासे धरावयास जात असू, आता त्या माशांच्या अंगावर रोगाच्या गाठी दिसू लागल्या आहेत, ओझोनच्या थराला पडलेल्या भोकामुळे उन्हात जाण्याचे भय वाटते. मग ती आपले अज्ञान कबूल करते आणि त्या कबुलीचेच शस्त्र करते. यावर उपाय काय हे मला ठाऊक नाही, पण तो तुम्हांलाही ठाऊक नाही, तेव्हा निदान मोडतोड तरी थांबवा. शेवटी ती शाळेतील धडे श्रोत्यांवर उलटवते. भांडू नका, वाटून खा, केलेला पसारा आवरा, असे तुम्ही आम्हांला शिकवता. मग जे आम्ही करू नये ते तुम्ही का करता?

हे उत्तम वक्तृत्व आहे. वडीलधाऱ्यांच्या हातातील छडी त्यांच्याच टेबलावर ठेवण्याची ही युक्ती कोणत्याही मुरलेल्या वक्त्याने हेवा करावा अशी आहे. सभागृह हेलावले. पुढे या भाषणाची चित्रफीत जगभर फिरली आणि ‘पाच मिनिटे जगाला गप्प करणारी मुलगी’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. हे नाव ज्याने कोणी ठेवले त्याने नकळत त्या प्रसंगावर नेमके भाष्य केले आहे. जग पाच मिनिटे गप्प बसले; सहाव्या मिनिटाला ते पुन्हा आपल्या कामाला लागले. हवाई बेटांतील मौना लोआ येथील वेधशाळेच्या नोंदीप्रमाणे १९९२ साली हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३५६ भाग होते. २०१९ साली ते ४११ च्या वर गेले होते आणि २०२४ साली ४२४ च्या वर.

या आकड्यांचा दोष एका बारा वर्षांच्या मुलीच्या भाषणावर टाकणे अर्थात पोरकटपणाचे ठरेल. शब्दांनी धुरांडी बंद पडत नाहीत. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या सभेत ती बोलली ती सभा निव्वळ श्रोत्यांची नव्हती. धुरांडी चालू ठेवावीत की नाहीत हे ठरवणारी माणसे तेथे बसली होती. अशा माणसांवर त्या भाषणाचा जो परिणाम झाला, तो कोणत्या जातीचा होता?

येथे आपल्या जुन्या साहित्यशास्त्राचा उपयोग होतो. नाटकातला शोक प्रेक्षकाला आस्वाद्य का वाटतो, याचे उत्तर देताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरचे दुःख पाहताना ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’, ‘हे शत्रूचे’ असे संबंध गळून पडतात. दुःख कोणा एकाचे राहत नाही, आणि म्हणूनच प्रेक्षक त्यात बुडू शकतो. नाट्यगृहात हे वरदान आहे. परंतु जेथे ऐकणारा स्वतःच त्या दुःखाला कारण झालेला आहे, तेथे संबंध गळून पडणे ही पळवाट होते. कोळशाच्या खाणींना परवाने देणारा मंत्री त्या मुलीचे बोलणे ऐकताना सहृदय बनतो. त्याचा कंठ दाटतो, आणि कंठ दाटलेला माणूस स्वतःला आरोपी समजू शकत नाही. ‘मी हे केले’ या जाणिवेच्या जागी ‘अरेरे, हे काय झाले आहे’ ही जाणीव येते. करुणरस सिद्ध होतो आणि जबाबदारी साधारण होते. साधारण झालेली जबाबदारी कोणाचीच नसते.

मराठी मनाला या रसाचा सराव फार जुना आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने, आणि १९५३ साली अत्र्यांनी काढलेल्या त्यावरील चित्रपटाने, मुलाच्या निर्मळ मनापुढे मोठ्यांनी डोळे पुसावेत ही सवय आपल्या घराघरांत नेली. ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही; पुष्कळांना त्यांनी अधिक चांगले केले असेल. पण घरातल्या गुन्ह्यांना पुरणारे ते अश्रू विजेच्या कारखान्यांना आणि समुद्राच्या पातळीला पुरत नाहीत. आईचे मन दुखावल्याची भरपाई पश्चात्तापाने होते. नदी आटल्याची भरपाई तशी होत नाही.

या अभिरुचीचा एक मासला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तीन परीक्षकांपैकी एक म्हणून मी बसलो होतो. विषय पर्यावरण रक्षणाचा होता. बहुतेक मुलांनी धरणीमातेचे रडणे, झाडांचे अश्रू आणि येणाऱ्या पिढीचा आक्रोश असा मजकूर हातवारे करून म्हटला. एका मुलाने मात्र शाळेमागच्या नाल्याविषयी सांगितले. नाल्यात कोणत्या गल्लीचे सांडपाणी येते, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येत नाही, पावसाळ्यात पाणी कोणत्या वर्गात शिरते आणि हे सारे कोणाला कळवले असता काय उत्तर आले, एवढेच तो बोलला. त्याचा आवाज चढला नाही. मी त्याला सर्वांत अधिक गुण दिले. बाकीच्या दोघांनी त्याला शेवटच्या काही मुलांत टाकले. त्यांतले एक गृहस्थ मला समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, हे भाषण नव्हे. ही तर तक्रार झाली.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. ती तक्रारच होती. तक्रार हा भाषणापेक्षा हलका प्रकार आहे, हे त्यांचे गृहीत मात्र मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

आता न्यूयॉर्ककडे वळू. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधील ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची मुलगी शाळेत जाण्याऐवजी स्टॉकहोम येथील संसदेबाहेर शाळासंपाची पाटी घेऊन बसली. वर्षभरात हा संप देशोदेशी पसरला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान परिषदेत ती बोलली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिचे भाषण जेमतेम पाच मिनिटांचे आहे आणि माझ्या मते ते रिओच्या भाषणाचे खंडन आहे. म्हणजे रिओला जे सांगितले गेले त्याचे नव्हे. रिओला जसे ऐकले गेले त्याचे. ज्या करुणेची मी वर चर्चा केली ती ग्रेटाने ओळखली होती. मी येथे असायला नको होते, समुद्रापलीकडे शाळेत असायला हवे होते, आणि तरीही तुम्ही आशा मागण्यासाठी आम्हां मुलांकडे येता, अशा आशयाने ती सुरुवात करते. मुलांचे भाषण ऐकून मोठ्यांना जो दिलासा मिळतो तो देण्याचेच ती नाकारते. या वाङ्मयप्रकाराची पहिली समीक्षक ती स्वतःच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या भाषणाच्या मध्यभागी आहे. तेथे ती गणित मांडते. दहा वर्षांत प्रदूषण निम्म्यावर आणण्याची जी योजना लोकप्रिय आहे, तिने तापमानवाढ दीड अंशाच्या आत राहण्याची शक्यता केवळ ५० टक्के आहे, असे ती सांगते. ही शक्यता ६७ टक्के हवी असेल, तर २०१८ च्या आरंभी जगाला आणखी ४२० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडता येण्याजोगा होता. बोलण्याच्या दिवशी ती शिल्लक ३५० अब्ज टनांच्या खाली गेली होती. आणि चालू वेगाने ती साडेआठ वर्षांच्या आत संपणार होती. भावनेच्या ऐन भरात वक्ता थांबतो आणि जमाखर्चाची वही उघडतो, असे भाषण मला तरी दुसरे ठाऊक नाही. रस मोडावा म्हणूनच जणू हे आकडे तेथे ठेवले आहेत. आकड्यांचे साधारणीकरण होत नाही. शिल्लक संपत आली असे म्हटले की खर्च कोणी केला हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

पण लोकांच्या लक्षात काय राहिले? ते गणित आज किती जणांना आठवते? आठवतो तो रागाने आवळलेला चेहरा. तो चेहरा भित्तिचित्रांवर गेला. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनी त्याच रात्री उपरोधाने तिची थट्टा केली, आणि तिच्या चाहत्यांनी तिला देवीच्या जागी बसवले. करुणरस तिने नाकारला म्हणून श्रोत्यांनी तिला रौद्ररसाच्या खात्यात घातले. रस बदलला, रसास्वाद चालूच राहिला.

या ठिकाणी मला त्याच दिवशीची आणि त्याच शहरातली एक दुसरी घटना पुढे ठेवावयाची आहे, कारण माझ्या साऱ्या विवेचनाचा कणा तीच आहे. २३ सप्टेंबर २०१९ याच दिवशी १२ देशांतील १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीकडे एक तक्रार दाखल केली. तक्रारदारांत ग्रेटा होती. हरिद्वारची रिद्धिमा पांडे होती. समुद्र चढत चाललेल्या मार्शल बेटांवरची मुले होती. तक्रार पाच देशांविरुद्ध होती: अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान. म्हणजे एकाच दिवशी एका मुलीने दोन वाङ्मयप्रकार हाताळले. एक भाषणाचा, दुसरा फिर्यादीचा. पहिला साऱ्या जगाने ऐकला. दुसऱ्याची बातमी आली आणि विरून गेली.

फिर्याद हा शब्द मी कायद्याच्या काटेकोर अर्थाने वापरीत नाही. अर्ज, याचिका, दावा, तक्रार, साक्ष या सर्वांना कवेत घेणारा म्हणून वापरतो. वाङ्मय म्हणून फिर्यादीकडे पाहिले तर तिचे घटक भाषणाच्या अगदी उलट आहेत. भाषणात ‘आम्ही मुले’ असतात. फिर्यादीत नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण असते. भाषणात ‘तुम्ही’ असतो आणि तो ‘तुम्ही’ कोणालाही स्वतःखेरीज दुसऱ्याला लावता येतो. फिर्यादीत प्रतिवादीचे नाव लिहावे लागते. भाषणाच्या शेवटी टाळ्या येतात, आणि फिर्यादीच्या शेवटी मागणी. मुख्य म्हणजे फिर्यादीला उत्तर द्यावे लागते. उत्तर देणारा ‘मी हेलावून गेलो’ असे लिहून सुटू शकत नाही. त्याला ‘हे खरे आहे’ किंवा ‘हे खोटे आहे’ यांपैकी एक लिहावेच लागते.

या रूक्ष प्रकारातही केवढे सामर्थ्य असते याचे उदाहरण अमेरिकेतील मोंटाना राज्यात सापडते. २०२० च्या मार्चमध्ये १६ मुलांनी व तरुणांनी त्या राज्यावर दावा लावला. त्या वेळी त्यांतले सर्वांत धाकटे मूल दोन वर्षांचे होते. मोंटानाच्या १९७२ च्या संविधानात स्वच्छ व निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. असे असताना, प्रकल्पांना मंजुरी देताना हरितगृह वायूंचा विचारच करावयाचा नाही, असे सांगणारा कायदा राज्याने केला होता. २०२३ च्या जूनमध्ये हेलेना येथे सुनावणी झाली. जिच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या रिकी हेल्डने आपल्या घरच्या पशुपालनाच्या रानाविषयी साक्ष दिली: दुष्काळ, नदीचे पूर, वणव्याचा धूर व राख, आणि एका वणव्यात विजेच्या तारा जळाल्यावर सुमारे महिनाभर विजेवाचून काढलेले दिवस. या साक्षीत पृथ्वी कोठेही रडत नाही. गुरे आहेत, कुंपण आहे, धूर आहे. मोंटानाच्या धुराने जगाच्या हवेत असा कितीसा फरक पडतो, असा बचाव राज्याने केला. न्यायाधीश कॅथी सीली यांनी तो मानला नाही. १४ ऑगस्ट २०२३ रोजी निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

जर्मनीत हेच निराळ्या रीतीने घडले. तेथील तरुणांनी २०१९ च्या हवामान कायद्याला आव्हान दिले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये संविधान न्यायालयाने तो कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचा युक्तिवाद मला साहित्याच्या दृष्टीनेही विलक्षण वाटतो. २०३० पर्यंत सोपे सोपे करून घ्यावयाचे आणि त्यानंतरचे सारे कठीण ओझे पुढच्यांवर टाकावयाचे, असे केल्याने आज जे तरुण आहेत त्यांचे उद्याचे स्वातंत्र्य आजच खर्च होते, असा त्याचा भावार्थ आहे. येथे तरुण हा निरागसतेचा पुतळा राहिलेला नाही. तो वारस आहे, आणि आपल्या वाट्याची मालमत्ता परस्पर विकली जात असल्याची त्याची हरकत आहे. आपल्याकडच्या कोणत्याही तलाठ्याला ही भाषा समजेल. काही आठवड्यांतच जर्मन संसदेने कायदा बदलला आणि कर्बतटस्थतेचे वर्ष २०५० वरून २०४५ वर आणले.

तिसरे उदाहरण प्रशांत महासागरातले आहे. २०१९ साली व्हानुआटूची राजधानी पोर्ट व्हिला येथील विद्यापीठाच्या वर्गात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की, हवामानबदलाचा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावयाचा. विद्यार्थ्यांना त्या न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. तेथे राष्ट्रांनाच प्रवेश. म्हणून त्यांनी आधी आपल्या सरकारांना पत्रे लिहिली, मग व्हानुआटूने इतर देशांना तयार केले, आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्या न्यायालयाला दोन प्रश्न विचारण्याचा ठराव एकमताने संमत केला. हवामान सांभाळण्याबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, आणि ती मोडली तर कायद्याने काय परिणाम होतात, हे ते दोन प्रश्न. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने उत्तर दिले: कर्तव्ये आहेत, ती करारांतूनही येतात आणि रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येतात, आणि ती मोडणे हे भरपाईपर्यंत जाऊ शकेल असे बेकायदा कृत्य आहे. हे मत सल्ल्याचे आहे, बंधनकारक नाही. तथापि २७ विद्यार्थ्यांच्या वर्गात सुचलेल्या प्रश्नाला जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने उत्तर द्यावे, ही गोष्ट टाळ्यांपेक्षा मोलाची आहे.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की, फिर्यादी वकील लिहितात. तेव्हा ‘पढवलेली पोरे’ हा कुचेष्टेखोरांचा आरोप येथे अधिकच लागू पडतो. खरे आहे, मोंटानातील मुलांच्या मागे वकिलांची संस्था होती. पण पढवणुकीची कसोटी उलटतपासणी ही असते. भाषणाची उलटतपासणी होत नाही. साक्षीची होते, निदान होऊ शकते. जो बोललेल्या शब्दांबद्दल प्रश्न विचारले जाण्यास तयार आहे, त्याचे शब्द त्याचेच मानले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. फिर्यादी हरतात. अमेरिकेतच २१ तरुणांनी २०१५ साली केंद्र सरकारविरुद्ध लावलेला दावा दहा वर्षे रखडून २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारात संपला, आणि त्यातल्या पुराव्याची सुनावणी कधी झालीच नाही. आपल्या रिद्धिमा पांडेने २०१७ साली, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका केली. २०१९ च्या जानेवारीत लवादाने ती निकालात काढली. पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या चालू कायद्यात हवामानाचा विचार होतच असतो, असे कारण दिले. बालहक्क समितीकडील १६ मुलांची तक्रारही २०२१ मध्ये, आधी आपापल्या देशांतील न्यायालयांकडे जा, असे सांगून परत पाठवण्यात आली. मग जिंकलेले भाषण आणि हरलेली फिर्याद यांत श्रेष्ठ काय?

माझे उत्तर असे की, हरलेली फिर्याद मागे काहीतरी ठेवून जाते. नाकारणाऱ्याला नाकारण्याचे कारण लिहावे लागते. त्या समितीने तक्रार परत पाठवताना एक गोष्ट मान्य केली की, एका देशातून निघालेल्या धुराने दुसऱ्या देशातल्या मुलाचे नुकसान झाले तर त्याची जबाबदारी पहिल्या देशावर येऊ शकते. हे वाक्य आता कागदावर आहे आणि पुढचा फिर्यादी तेथून आरंभ करू शकतो. भाषणाचे तसे नाही. रिओनंतर २७ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे: रस्त्यावर लाखो मुले उतरली नसती तर या फिर्यादींकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. भाषणाने दार उघडते हे मी नाकारीत नाही. उघडलेल्या दारातून आत काय जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे सारे परदेशातले, असे कोणाला वाटेल. ग्रेटाच्या भाषणानंतर अकराव्या दिवशी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, मुंबई उच्च न्यायालयाने आरे येथील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे पडू लागली. दोन हजारांहून अधिक झाडे गेली. अडवावयास गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. त्या वेळी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि दसऱ्याच्या सुटीत, ७ ऑक्टोबरला, खास खंडपीठ बसून पुढील तोड थांबवली. परिणामाबद्दल भोळेपणा नको. हवी तेवढी झाडे तोडून झाली आहेत, असे राज्याने त्याच दिवशी सांगितले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने आणखी १७७ झाडे काढण्याची परवानगी दिली, आणि मेट्रो महामंडळाने आपल्या आधीच्या आदेशाची मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केल्याबद्दल त्याला १० लाख रुपयांचा दंडही केला. ऑक्टोबर २०२४ पासून आरेहून गाडी धावत आहे. त्या पत्राने जंगल वाचले, असे म्हणता येणार नाही. पण झाडे किती, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या रात्री, याचा हिशेब विचारला गेला आणि द्यावा लागला. आरेवर त्या दिवसांत पुष्कळ कविता झाल्या. त्यांच्यापेक्षा मला ते पत्र अधिक वाङ्मयीन गुणांचे वाटते, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाला समोर कोणीतरी बांधलेला होता.

मराठी लेखकांपुढे मला ठेवावयाचा मुद्दा हाच आहे. आपल्या गोष्टींतले आणि कवितांतले तरुण आजही पर्यावरणाविषयी बोलू लागले की रडतात किंवा गरजतात. त्यांना टँकरचा दिवस माहीत नसतो, बंद पडलेल्या विहिरीचा सर्वे नंबर माहीत नसतो, ग्रामसभेच्या वहीत त्यांचा ठराव कोणत्या पानावर आहे हे माहीत नसते. प्रत्यक्षातल्या तरुणांना हे माहीत असते. वास्तवाच्या मागे साहित्य राहिले आहे, आणि ते भावनेमुळे मागे राहिले आहे. तपशील हा कलेचा शत्रू आहे ही समजूत टाकली पाहिजे. जो तपशील कोणाला तरी जबाबदार धरतो, त्याच्याइतकी धार विशेषणाला कधी येत नाही.

आपल्या परंपरेत या प्रसंगाची एक कथा आहे. चौदाशे वर्षांच्या तपाचा मानकरी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसला आणि मायन्याशीच अडला. वयाने धाकटा म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय आड येते. अखेर त्याने कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे चांगदेवाने त्या लहान मुलीलाच गुरू केले. ही कथा आपण मुक्ताबाईच्या बुद्धीचे कौतुक म्हणून सांगतो. मला तिच्यात चांगदेवाचे मोठेपण अधिक दिसते. लहानांपुढे आपण कोण आहोत, हा प्रश्न त्याला पडला. त्या प्रश्नापाशी तो थांबला, आणि उत्तर आल्यावर बदलला. आजच्या सभागृहांतील वडीलधाऱ्यांना मायन्याची अडचण पडत नाही. ‘चिरंजीव’ लिहून, डोळे पुसून आणि टाळ्या वाजवून ते मोकळे होतात. तरुणांनी आता आशीर्वादाची वाट पाहण्याचे सोडून समन्स धाडावयास आरंभ केला आहे, हे मला आपल्या काळातले सर्वांत आशादायक लेखन वाटते. त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला उत्तर लिहावयाचे काम आपले आहे, आणि ते कोरे ठेवण्याची मुभा आपल्याला नाही.